सन २०७०ची हुंडी

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वह्या लिहिल्या. नाशिकच्या कारखान्यांतून हिशेबनीस म्हणून चाळीस वर्षे काढली. लोखंड, तेल, मजुरी, भाडे, व्याज, बुडीत येणे या सगळ्यांची खाती मांडली. परंतु धुराचे खाते मांडण्याची पाळी आपल्यावर येईल असे मला कोणी सांगितले असते, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवले असते.

ती पाळी आली २०२३च्या दिवाळीत. माझा एक शाळासोबती अंबडच्या वसाहतीत नटबोल्टचा कारखाना चालवतो. साठ-बासष्ट माणसे कामाला, माल चोख, आणि निम्म्याहून अधिक माल जर्मनीला जातो. लक्ष्मीपूजनाला दरवर्षी मी त्याच्याकडे असतो. वह्यांना हळदकुंकू वाहायचे, पहिल्या पानावर 'श्री' काढायचा, पेढा खायचा आणि परत यायचे, असा आमचा शिरस्ता. त्या वर्षी मात्र पेढ्याबरोबर त्याने एक कागद माझ्या हातात ठेवला.

"हे वाच, आणि मला मराठीत सांग."

कागद जर्मन गिऱ्हाइकाचा होता. मजकूर सभ्य होता, पण अर्थ रोखठोक. तुमच्या एक टन बोल्टमागे किती कर्बवायू हवेत गेला, तो आकडा कळवा. १ ऑक्टोबर २०२३पासून युरोपात बाहेरून येणारे लोखंड, पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन यांच्यामागचा धूर कळवण्याचा नियम लागू झाला असून आमचा पहिला अहवाल जानेवारीअखेर द्यावयाचा आहे. नट आणि बोल्टही त्या यादीत आहेत.

"धूर काय तराजूत घालून मोजायचा?" मित्र म्हणाला. "आपली धुराडी केवढी, त्यांची केवढी! आणि हिशेब आपण द्यायचा?"

मी हसलो. पण रात्री घरी आल्यावर झोप काही लागेना. चाळीस वर्षे मी ज्या वह्या लिहिल्या, त्यांत हे खाते कधीच नव्हते. म्हणजे त्या सगळ्या वह्या अपुऱ्याच होत्या की काय?

त्या दिवसापासून मी या विषयामागे लागलो. म्हाताऱ्या माणसाला वेळ भरपूर असतो, आणि हिशेबनिसाला मेळ बसेपर्यंत चैन पडत नाही. त्या धडपडीत जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम 'नेट झिरो' म्हणजे काय ते पाहू. नेट म्हणजे निव्वळ. हा शब्द आम्हा हिशेबवाल्यांचाच आहे. जितका कर्बवायू हवेत सोडला, तितकाच झाडांनी, मातीने किंवा एखाद्या यंत्राने परत ओढून घेतला, की नावे आणि जमा सारखे. निव्वळ बाकी शून्य. धूर अजिबात काढू नका असे हे म्हणणे नव्हे. धूर आणि त्याची फेड यांचा मेळ घाला, एवढेच.

मेळ घालण्याची गरज का पडली, हे एका आकड्यावरून कळते. हवाई बेटांतील मौना लोआ नावाच्या डोंगरावर चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ साली हवेतील कर्बवायू मोजावयास सुरुवात केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. यंत्रयुगापूर्वी तो २८०च्या आसपास असे. आज तो ४२०च्या पुढे गेला आहे. हा वायू शेकडो वर्षे हवेत टिकून राहतो, म्हणून प्रत्येक वर्षाची बाकी पुढल्या पानावर ओढली जाते. शाळेत शिकलेले रसायनशास्त्र आठवा. बारा किलो शुद्ध कोळसा जळताना हवेतला बत्तीस किलो प्राणवायू घेतो आणि चव्वेचाळीस किलो कर्बवायू करून ठेवतो. दिसायला राख उरते मूठभर. खरा बोजा न दिसणाऱ्या बाजूला चढतो.

२०१५ साली पॅरिसला जगातील देशांचा करार झाला. चालू शतकाच्या उत्तरार्धात जमा आणि नावे यांचा मेळ बसावा, असे त्यात ठरले. २०१८ साली शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने बजावले की, पृथ्वीचा ताप दीड अंशावर रोखायचा, तर जगाची कर्बवायूची निव्वळ बाकी २०५०च्या सुमारास शून्यावर आली पाहिजे. मग वायद्यांची रीघ लागली. ब्रिटनने २०१९ साली २०५०चा कायदाच केला. चीनने २०२०च्या सप्टेंबरात २०६०पूर्वीचा शब्द दिला. आणि नोव्हेंबर २०२१मध्ये ग्लासगोच्या परिषदेत आपल्या पंतप्रधानांनी हिंदुस्थानच्या वतीने २०७० साल जाहीर केले.

जुन्या पेढ्यांवर दोन तऱ्हेच्या हुंड्या चालत. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मोजावे लागत. मुदती हुंडी ठराविक मुदत भरल्यावर वटे. ही जी २०७०ची हुंडी आहे, ती जगाच्या बाजारातील बहुधा सर्वांत लांब मुदतीची. ती लिहिणारे, सकारणारे आणि तिचे साक्षीदार, यांपैकी फार थोडे लोक मुदतीच्या दिवशी पेढीवर हजर असतील. मुदती हुंडीतला पहिला धोका तोच असतो.

दुसरा धोका जास्त बारीक आहे. समजा, दोन भाऊ आहेत. दोघेही आज वर्षाला दहा मण धूर काढतात आणि दोघांनीही पंचेचाळीस वर्षांनी शून्यावर येण्याचे वचन दिले आहे. थोरला दरवर्षी थोडा थोडा कमी करत गेला. धाकटा शेवटच्या वर्षापर्यंत दहाच काढत राहिला आणि अखेरच्या दिवशी चूल विझवून मोकळा झाला. दोघांनीही वचन पाळले! पण बेरीज करा: थोरल्याची सव्वादोनशे मण, धाकट्याची साडेचारशे, म्हणजे बरोबर दुप्पट. ऊन वाढते ते या बेरजेने. शेवटच्या तारखेशी त्याला देणेघेणे नाही. म्हणून कोणी नुसते साल सांगितले की मी विचारतो, "हप्ते कसे बांधले आहेत?"

तिसरा धोका माणसाच्या स्वभावातला. एका सरकारने सकारलेली हुंडी दुसरे सरकार परत फिरवते. अमेरिकेने २०१७ साली पॅरिस करारातून बाहेर पडण्याची घोषणा केली, २०२१ साली ती परत आली, आणि २०२५च्या जानेवारीत तिने पुन्हा पाठ फिरवली. आजवरच्या एकूण कर्बवायूपैकी चौथ्या हिश्शाच्या आसपास ज्या देशाच्या नावावर आहे, त्याची ही तऱ्हा. आपल्या देशाच्या नावावर चार टक्क्यांच्या आतबाहेर. दरडोई पाहिले, तर आपला माणूस वर्षाला दोन टनांच्या आसपास धूर काढतो, अमेरिकन त्याच्या सहा-सातपट. तेव्हा "आपणच का?" हा मित्राचा प्रश्न वेडगळ मुळीच नव्हता.

परंतु प्रश्न रास्त असला, तरी जर्मनीची मागणी थांबत नव्हती. मी वही उघडली.

महिनाभर आम्ही कारखान्यातली बिले उपसत होतो. भट्टीचा गॅस, विजेची बिले, जनरेटरचे डिझेल, सगळे. बेरीज केली आणि दोघेही थक्क झालो. बोल्टमागच्या धुरात कारखान्याचा वाटा रुपयातला जेमतेम दोन आणे! उरलेले चौदा आणे कच्च्या मालात, म्हणजे पोलादाच्या सळईतच येऊन बसलेले. झोतभट्टीत कोळशावर एक टन पोलाद करायचे, तर दोन टनांहून अधिक कर्बवायू सुटतो. जुने मोडके लोखंड विजेच्या भट्टीत वितळवून केलेल्या पोलादामागे त्याहून पुष्कळच कमी. म्हणजे आमचा हिशेब आमच्या हातातच नव्हता. तो सळई विकणाऱ्याच्या हातात होता. त्याला पत्र लिहिले. उत्तर नाही. दुसरे लिहिले. "कळवू," एवढेच. महिन्याला दोन ट्रक माल घेणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कोण खतावण्या उलगडून बसणार?

आणि आकडा दिला नाही, तर तिकडचे लोक आपल्या मनाने ठोकळ आकडा धरतात. तो सहसा चढाच असतो.

याच सुमारास एक तरुण गृहस्थ कारखान्यात आले. अंगात कोट, हातात चकचकीत पुस्तिका. ते झाडांची प्रमाणपत्रे विकत होते. अमुक हजार रुपये द्या, शेजारच्या तालुक्यात पाच हजार झाडे तुमच्या नावावर लागतील, आणि तुमचा कारखाना 'कर्बमुक्त' असे सुबक प्रमाणपत्र मिळेल. मित्र खूष झाला. मुलानेही मान डोलावली. फक्त हिशेबनीस म्हणून त्यावर माझी सही हवी होती.

"झाडे पाहून येतो," मी म्हणालो.

"झाडे काय पाहायची? कागद आहे ना?"

चाळीस वर्षांत मालाचा साठा डोळ्यांनी मोजल्याशिवाय मी ताळेबंदावर सही केलेली नाही. तेव्हा सकाळच्या एसटीने निघालो, आणि फाट्यावर उतरून दोन मैल चालत गेलो. गावाबाहेरच्या गायरानात रांगेने खड्डे होते. खड्ड्यांत काटक्या होत्या. काटक्यांवर पाने नव्हती. एका कडेला एक मेंढपाळ घोंगडी टाकून बसला होता. त्याला विचारले.

"मागल्या पावसाळ्यात लावली होती," तो म्हणाला. "त्याच्या मागल्यालाबी लावली होती. खड्डे तेच."

"मग जगली का नाहीत?"

"पाणी कोन घालील? अन् आमचं चरायचं रान, म्हनून आमाला येऊ देत न्हाईत. काटक्यांना कुंपन हाय बघा."

मी उभ्याउभ्याच हिशेब केला. एखाद्या घरात महिन्याला दोनशे युनिट वीज लागते असे धरू. आपल्या देशातील विजेमागे युनिटला साधारण सात दशांश किलो, म्हणजे पाऊण किलोला थोडा कमी कर्बवायू पडतो. वर्षाचा झाला पावणेदोन टनांच्या आसपास. चांगले वाढलेले झाड वर्षाला फार तर वीस-पंचवीस किलो ओढून घेते. म्हणजे एकट्या त्या घराच्या दिव्यापंख्यांसाठी सत्तर-ऐंशी मोठी झाडे, तीही जगलेली! रोपाचे झाड व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतात, आणि एक वणवा आला की सगळी जमा पुन्हा नावे. झाडे लावावीत, जरूर लावावीत. पण कोळशाचे कर्ज झाडांच्या काटक्यांवर फेडता येत नाही.

परत येऊन मी सही नाकारली. मित्र संतापला.

"साठ माणसांची चूल माझ्या कारखान्यावर पेटते. ऑर्डर गेली, तर त्यांना तू जेवू घालणार का? पन्नास वर्षांची ओळख, आणि एका सहीला नाही म्हणतोस?"

मला उत्तर सुचले नाही. त्याचे साठ लोक मी नावानिशी ओळखत होतो. त्यांच्या पगाराची पत्रके मीच लिहिली होती. तरीही सही केली नाही. चपला घातल्या आणि घरी आलो. पुढले चार महिने आमचे बोलणे बंद होते.

त्या उन्हाळ्यात मी चंद्रपूरला ताईकडे गेलो. दाजी दुर्गापूरच्या बाजूच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. भाचा वीज केंद्राच्या कोळसा विभागात, पण ठेकेदाराकडे. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे, राज्यातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. पूर्ण भाराने चालले, तर दिवसाला चाळीस हजार टनांहून अधिक, म्हणजे दहा-अकरा मालगाड्या भरतील इतका कोळसा खाते. त्याच शहराचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत वरच्या ओळींत घातले होते. ताई सकाळी पुसलेला ओटा दुपारी पुन्हा पुसते. फडके काळे निघते. तिला मौना लोआचा आकडा सांगावा लागत नाही.

रात्री अंगणात बाजेवर बसून मी त्यांना नाशिकची सगळी हकिकत सांगितली. भाचा ऐकत होता. मग म्हणाला, "मामाजी, २०७०चं मले काऊन सांगता? माझा ठेका तर मार्चपर्यंतच आहे."

दाजी जरा वेळाने बोलले. "धूर जावा, हे मलाही वाटतं. माझ्या छातीला विचारा. पण खाण बंद होताना पेन्शनवाला सुटतो. ठेक्यावरचा पोरगा, चहाची टपरी, ट्रकचा क्लीनर, ह्यांची नावं कुठल्या वहीत आहेत?"

मला मुंबईचा गिरणगाव आठवला. जानेवारी १९८२मध्ये संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिरण्या गेल्या त्या गेल्याच. जमिनींवर मनोरे उभे राहिले; कामगारांची मुले कुठे गेली याचा हिशेब कोणी मांडला नाही. गिरण्या नवे तंत्र न आल्याने गेल्या की जागेच्या भावाने गेल्या, हा वाद विद्वान आजही घालतात. कामगाराला ते आधी कोणी सांगितले नव्हते, एवढे मात्र खरे.

आणि हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनने आपले शेवटचे कोळशाचे वीज केंद्र बंद केले. १८८२ साली लंडनमध्ये ज्या देशाने कोळशावरची पहिली सार्वजनिक वीज काढली, त्याने एकशे बेचाळीस वर्षांनी ते पान मिटले. त्याच दिवशी वेल्समधील पोर्ट टॅलबट येथे टाटांच्या पोलाद कारखान्यातील शेवटची झोतभट्टीही विझली. तिच्या जागी जुन्या लोखंडावर चालणारी विजेची भट्टी यायची आहे. पण ती यायला काही वर्षे, आणि नोकऱ्या मात्र हजारोंनी आधीच गेल्या. वीज केंद्राच्या कामगारांना बंद होण्याची तारीख कित्येक वर्षे आधी ठाऊक होती, काहींना दुसरीकडे कामही मिळाले. दोन चुली एकाच दिवशी विझल्या, पण दोन्ही घरांतली रात्र सारखी नव्हती. फरक पूर्वसूचनेचा आणि तयारीचा होता.

इथवर वाचून वाचक म्हणतील, हा म्हातारा दिवाळीच्या अंकात रडगाणेच गाणार काय? तसे नाही. वहीला दुसरी बाजूही असते.

माझा धाकटा भाऊ निफाड तालुक्यात शेती करतो. वर्षानुवर्षे त्याच्या पंपाला वीज मिळे ती एका आठवड्याला दिवसा, दुसऱ्याला रात्री. उसात बिबटे असणाऱ्या त्या मुलखात थंडीच्या रात्री कंदील घेऊन बारे द्यायला जाणे म्हणजे काय, ते शेतकऱ्याच्या बायकोला विचारावे. राज्य सरकारने २०१७ साली शेतीच्या वीजवाहिन्या सौरविजेवर चालवण्याची योजना काढली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू केला. भावाच्या गावच्या वाहिनीला आता दिवसा वीज येते. त्याने कर्बवायूचे नावही ऐकलेले नाही. वहिनी मात्र म्हणाली, "आता रात्री दाराकडे कान लावून बसावं लागत नाही." या नफ्याला कोणत्या खात्यावर धरावे?

देशाचे आकडेही उमेद देणारे आहेत. आपली सौरविजेची उभारणी २०२५च्या आरंभी एक लाख मेगावॅटपलीकडे गेली. एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी कोळसा-तेलाखेरीजची करण्याचा शब्द आपण २०३०पर्यंतचा दिला होता. तो २०२५च्या जूनमध्येच, पाच वर्षे आधी, पुरा झाला. मात्र हिशेबनिसाच्या सवयीने एक टीप जोडतो: क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष वीज वेगळी. सूर्य मावळला की तावदाने झोपतात, आणि वर्षभरातल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांच्या पुढे वीज आजही कोळशाचीच आहे. ती संध्याकाळ ओलांडायला साठवण हवी. तिचाही एक नमुना आपल्या घाटात उभा आहे. भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८पासून आहे. वीज मुबलक असेल तेव्हा पाणी खालच्या तलावातून वरच्यात चढवायचे, आणि मागणीच्या वेळी तेच खाली सोडून वीज काढायची. उद्या दुपारचे ऊन असे पाण्यात साठवून संध्याकाळी वापरता येईल. सह्याद्रीने दिलेले उतार हीसुद्धा एक ठेवच आहे.

एक सावधगिरी इथेही हवी. सौरतावदाने आणि त्यांचा कच्चा माल यांचा फार मोठा भाग आज चीनच्या हाती आहे. अरबांच्या तेलाची उधारी फेडून चिनी तावदानांची उधारी करायची, तर पेढी बदलली, कर्ज राहिलेच.

आणि युरोपच्या कराचे काय? १ जानेवारी २०२६पासून तिथला खरा हिशेब सुरू झाला. पूर्वी नुसता आकडा कळवायचा होता. आता आयातदाराला धुराचे पैसे मोजावयाचे आहेत. वर्षाला पन्नास टनांच्या आत माल मागवणाऱ्याला सूट आहे. माझ्या मित्राचे गिऱ्हाईक त्याहून मोठे, म्हणून ती आम्हांला लागू नाही. पण त्या नियमात एक कलम आहे, त्याकडे आपल्या लोकांनी नीट पाहावे. मालाच्या मूळ देशात धुराची किंमत आधीच भरली असेल, तर ती वजा मिळते. म्हणजे तो पैसा ब्रसेल्सच्या तिजोरीत जायचा की आपल्या, हे थोडेफार आपल्या हातात आहे. आपल्या सरकारने २०२३ साली कर्ब-पतपत्रांच्या बाजाराची योजना जाहीर केली, आणि २०२५ साली सिमेंट, अॅल्युमिनियम यांसारख्या काही उद्योगांना धुराची लक्ष्ये ठरवून दिली. तो पैसा इथे जमला, आणि त्यातला वाटा चंद्रपूरच्या ठेक्यावरच्या पोरापर्यंत पोहोचला, तर या हुंडीला मी खरी हुंडी म्हणेन. नाही पोहोचला, तर तो नुसता आणखी एक कर.

आता मित्राचे सांगतो. चार महिन्यांनी तोच माझ्या दारात आला. जर्मन गिऱ्हाइकाचे पत्र आले होते: झाडांची प्रमाणपत्रे आमच्या हिशेबात वजा धरली जात नाहीत, शिवाय 'कर्बमुक्त' असा दावा तुम्ही करत असाल, तर त्याचा पुरावा पाठवा.

"सही केली असतीस, तर पुरावा कुठून आणला असता?" तो म्हणाला. माफी मागण्याची त्याची पद्धत शाळेपासून हीच.

आम्ही पुन्हा वह्या उघडल्या. भट्टीची झाकणे गळत होती, ती नीट केली. वाया जाणारी धग माल आधी गरम करायला वळवली. गॅसचे बिल दिसण्याइतके उतरले. छपरावर सौरतावदाने बसवली. आणि वसाहतीतल्या आठ-नऊ कारखानदारांनी मिळून सळईवाल्याला एकच पत्र लिहिले. एकट्याच्या दोन ट्रकांना न मिळालेले उत्तर एकत्रित सोळा ट्रकांना पंधरा दिवसांत मिळाले. आकडे भरले, ऑर्डर टिकली. सगळे गोड झाले असे नाही. जुन्या लोखंडापासून केलेली सळई हवी त्या दर्जाची नेहमी मिळत नाही, आणि मिळाली तर महाग पडते. पण निदान आता आमच्या वहीत जे लिहिले आहे, ते खरे आहे.

या सगळ्यातून मी स्वतःपुरती चार प्रश्नांची कसोटी बनवली आहे. कोणी देश, शहर किंवा कंपनी शून्याचा वायदा करील, तेव्हा विचारावे: हप्ते कसे बांधले आहेत? दुसऱ्याकडून घेतलेल्या मालातला धूर आपल्या नावे धरला आहे की नाही? किती धूर खरोखर कमी करणार, आणि किती झाडांच्या भरवशावर सोडणार? आणि ही फेड ज्यांच्या भाकरीतून होणार, त्यांना आधी कोणी विचारले आहे का? चारांची उत्तरे आली, तर हुंडी चांगली. साल तेवढे ठळक आणि उत्तरे कोरी असतील, तर तो कागद पेढीवर ठेवू नये.

२०२५च्या दिवाळीत नेहमीप्रमाणे मित्राकडे गेलो. वह्या मांडल्या होत्या. त्याने एक नवी कोरी वही माझ्यापुढे सरकवली. तिच्या पुठ्ठ्यावर त्याच्या मुलाच्या अक्षरात लिहिले होते: 'धूर'. मी पहिल्या पानावर 'श्री' काढला.

माझी नात आता सहा वर्षांची आहे. सन २०७०मध्ये ती पन्नाशीची असेल. हुंडी तिच्या हातात पडेल तेव्हा मी नसणार. पण वही राहील, आणि तिला हिशेब चांगला येतो.